वाक्यात उपयोग करा

दप्तर खुंटीला अडकवता अडकवताच लेक म्हणाली, "आई, आज सगळ्या वर्गात एकट्या मला अर्थ आला, तरी बाई नुसत्या 'बस खाली' म्हणाल्या."

"कसला अर्थ?" आई मोरीत भांडी विसळत होती.

"शब्दाचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, असं होतं. शब्द 'नास्तिक'. मी सांगितलं, देव नाही असं मानणारा. आणि वाक्य केलं, माझे बाबा नास्तिक आहेत."

पातेलं आईच्या हातातून निसटलं ते थेट तिच्या पायावर पडलं. दुखलं, पण ती ओरडली नाही.

पोरीला हा शब्द कुठून मिळाला, हे विचारायची सोयच नव्हती. दर आठवड्याला प्रार्थनेला निघताना ती स्वतःच अंथरुणात लोळणाऱ्या नवऱ्याला म्हणायची, "उठा की हो, नास्तिक!" घरात तो शब्द लाडाचा होता. घराबाहेर त्याच शब्दापायी गेल्या वर्षी एका पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान जळालं होतं. आग कुणी लावली ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं तर कुणालाच नाही.

नवरा किल्ल्या बनवायचा. ती धापा टाकत दुकानात गेली तेव्हा तो कानस चालवत होता. "लहान पोरांचं बोलणं कोण मनावर घेतंय?" तो म्हणाला, पण हातातली किल्ली वाकडी घासली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. दुपारी शेजारीण मात्र घरी आली. वाटीभर साखर मागावी तशा हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, आमच्या दाराची एखादी जादा किल्ली भाऊजींकडे राहिली नाही ना? नाही, आपलं विचारलं. देवाचं भय नसलेल्या माणसाचा काय नेम?"

आईने तिला दारातूनच वाटेला लावलं. तशीच चपला सरकवून ती दुकानाकडे निघाली.

प्रार्थनाघराचे कारभारी आधीच तिथे पोचले होते. सोबत दोन तरणे गडी. ती आत शिरली तसं त्यातल्या एकाने शटर अर्ध्यावर ओढलं. दुसरा कुलपं धुवायला ठेवलेला रॉकेलचा डबा उचलून, हलवून, किती भरलाय ते बघत होता.

"तुझी मुलगी शाळेत काहीतरी बोलली म्हणे," कारभारी शांतपणे म्हणाले. "खरं का?"

नवऱ्याने तोंड उघडलं. संसार इतक्या वर्षांचा. सरळ विचारलं की हा माणूस सरळ सांगणार, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ती मोठ्याने हसली. ते हसू तिचं तिलाच परक्या बाईचं वाटलं.

"अहो काका, पोरीला काय कळतंय! घरातली देवी मी. हे मला मानत नाहीत, माझं ऐकत नाहीत. मग मी यांना नास्तिक नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?"

कारभारी तिच्याकडे बघत राहिले. डब्यातलं रॉकेल डुचमळल्याचा आवाज आला. मग ते हसले. ते हसले म्हणून पोरंही हसली.

"बरं तर. येत्या प्रार्थनेला देवीने याला घेऊन यायचं. पहिल्या रांगेत."

शटर वर गेलं.

घरी नवरा पाणीसुद्धा प्यायला नाही. "मी खरं तेच सांगणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर मध्ये पडले."

"मग माझं वाक्य चुकलं का?" लेकीने विचारलं.

"नाही, बाळा," बाबा म्हणाले.

"चुकलं," आई म्हणाली. "परत तोंडातून काढलंस तर बघ."

तेव्हापासून तो दर आठवड्याला पहिल्या रांगेत उभा राहतो. तोंड हलवतो, शब्द त्याला येत नाहीत. गिऱ्हाईक परत आलं, शेजारीणही साखर मागायला येते.

ती मागे बायकांत उभी असते. लहानपणापासून ती डोळे मिटून, हात जोडून देवाशी मनातलं बोलत आली होती. आता डोळे मिटायची तिची छाती होत नाही. सगळा वेळ ती कारभाऱ्यांच्या मानेकडे बघत असते: ती मान नवऱ्याकडे वळते की काय, एवढंच.