रसच्या बदल्यात एक नाव

रस हॅव्हरकँप ओमाहाच्या बेसबॉल क्लबचं व्यवस्थापकपद सोडून लुईव्हिलच्या क्लबात गेला, तेव्हा त्याच्या कराराची दोन वर्षं अजून शिल्लक होती. सोळा वर्षं ज्याने संघ बांधला तोच माणूस उठून थेट वैऱ्याच्या घरात जाऊन बसला म्हटल्यावर ओमाहाच्या मालकांचं पित्त खवळलं. पण जाणाऱ्याला बांधून ठेवता येत नाही, म्हणून बेसबॉलच्या धंद्यात अशा वेळी भरपाई मागतात. पैसा नाही, माणूस. आमचा साहेब नेलात ना, मग तुमचा एक खेळाडू इकडे द्या. कुठला, यावर मग घासाघीस होते, आणि ती भल्याभल्या कोट-टायवाल्यांना अजिबात शोभत नाही.

ओमाहाने कुणाला मागायचं हे सांगायचं काम लेलंड स्ट्रूबच्या गळ्यात पडलं. लेलंड एकसष्ट वर्षांचा, क्लबचा सगळ्यात जुना स्काऊट. गावोगाव हिंडायचं, पत्र्याच्या बाकांवर बसून दुसऱ्यांची पोरं पारखायची आणि अहवाल लिहायचे, यात त्याची अडतीस वर्षं गेली होती. रसला या धंद्यात त्यानेच आणलं होतं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी अंडी आणि तळलेले बटाटे खाता खाता रस त्याला म्हणाला होता, "भरपाईचं एकदा मिटू दे लेका. जानेवारीत तुला बोलावतो. लुईव्हिलच्या ऑफिसात टेबल, खुर्ची, खिडकी. भटकंती बंद."

लेलंडला खिडकीचं काही नव्हतं. त्याची लेक जेनेल लुईव्हिलला राहायची, आणि त्याच्या बायकोला, आर्डिथला, दोन वर्षांपासून गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग चालू ठेवलेली शेगडी. वर्षातले दोनशे दिवस बाहेर असणाऱ्याने अशी बायको कुणाच्या भरवशावर टाकायची? वसंत ऋतूपासून तो तिला बरोबरच घेऊन फिरत होता. मागच्या महिन्यात न्यू मेक्सिकोत, तो पेट्रोल भरत असताना ती गाडीतून उतरून चालू लागली आणि हायवेच्या कडेला सापडली. लेलंड त्या दिवशी जन्मात घाबरला नव्हता एवढा घाबरला. नोकरी सोडून लेकीकडे जावं, तर विमा जातो, आणि आर्डिथचे डॉक्टर त्या विम्यावर चालत होते. ओमाहात त्याच्यासाठी बैठं काम नव्हतं. रसच्या त्या एका खुर्चीवर त्याचं सगळं टांगलेलं होतं.

आर्डिथसाठी त्याने एक वही केली होती, क्लब स्काऊटांना देतो तीच निळी वही. आज कुठे आहोत, जेवलो का, जेनेलचा फोन आला का, सगळं तो त्यात लिहून द्यायचा. तोंडी सांगितलेलं तिला पटत नसे. लेलंडच्या अक्षरात असलं की ती निर्धास्त व्हायची.

ऑक्टोबरात सगळ्या क्लबांची होतकरू पोरं ॲरिझोनात खेळायला येतात. तिथल्या मेसा गावच्या मैदानात दुपारचं ऊन तापलं होतं आणि प्रेक्षक तीनशेसुद्धा नव्हते. रसच्या जागी बसलेली कोरीन ऑस्बी लेलंडच्या शेजारी येऊन बसली. सदतीस वर्षांची, आकड्यांत हुशार, आणि या खुर्चीत नवी म्हणून जरा जास्तच ताठ.

"लेलंड, गुरुवारपर्यंत मला एकच नाव द्या," ती म्हणाली. "मालकांनी दोन वाटा ठेवल्यात. एक तर कामाचा खेळाडू. तो मिळाला की विषय संपला, रसला पाहिजे त्याला घेऊन जाऊ दे. नाहीतर अट. तीन वर्षं ओमाहाचा एकही माणूस लुईव्हिलने घ्यायचा नाही. आम्ही काढून टाकलेलासुद्धा नाही."

"काढून टाकलेलासुद्धा?"

"रसच्या मागे अर्धं ऑफिस सामान बांधून बसलंय असं मालकांना वाटतं." तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही नाही ना बांधलंत?"

"माझं तर अडतीस वर्षं बांधलेलंच आहे."

ती हसली आणि निघून गेली. लेलंडला मात्र हसू आलं नाही.

लुईव्हिलची दोन पोरं त्याच्या डोळ्यांसमोर होती. डॉनी पेट्री, बऱ्यापैकी मारणारा, बऱ्यापैकी पळणारा, आणि जन्मभर बऱ्यापैकीच राहणारा. पेट्री मागितला असता तर रसने हसत हसत दिला असता, सौदा मिटला असता आणि जानेवारीत लेलंडचं टपाल लुईव्हिलच्या पत्त्यावर येऊ लागलं असतं. दुसरा टेट मॅबरी. डावखुरा पिचर, चौदा सामन्यांत नऊ हरलेला, त्याच्याच क्लबात त्याला कुणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या डावात मॅबरी चेंडू टाकायला आला. त्याचा चेंडू सरळ यायचा, अगदी सरळ, आणि शेवटच्या हातभर अंतरात खाली बसायचा. बॅटर वरची हवा मारून परत जायचे. मग त्याच्या संघाच्या पोराने हातातला झेल सोडला. मॅबरीने त्याच्याकडे नुसतं बघितलंसुद्धा नाही. हात पुढे करून नवा चेंडू मागितला.

"हा पोरगा घाई करत नाही," लेलंडच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आर्डिथ सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता म्हणाली.

लेलंडने चमकून तिच्याकडे पाहिलं. सकाळी तिला स्वतःच्या चपला सापडत नव्हत्या.

"नाही करत," तो म्हणाला.

"कुणी शिकवलंय त्याला?"

"कुणीच नाही."

"मग बरंय. बिघडवलेला नाही."

स्काऊट खेळाडूला वीस ते ऐंशी असे गुण देतात. पन्नास म्हणजे चारचौघांसारखा. सत्तर लेलंडने आजवर तीनदाच लिहिला होता. त्याने आपल्या अहवालाच्या वहीत 'पेट्री' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. कुणाला पत्ता लागला नसता. पण हात वळेना. एकही खोटा आकडा न लिहिलेल्या हाताला या वयात नवी सवय लागत नव्हती. आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती, जगाला न दिसलेलं आपल्याला दिसलं याची. शिवाय त्याने हिशोब मांडला की लुईव्हिलला मॅबरीची किंमतच ठाऊक नाही, मग ते त्याला सोडतीलच. ओमाहाला पिचर, लेलंडला खुर्ची, सगळेच खूश. त्याने लिहिलं, 'टेट मॅबरी, सत्तर. दुसरं नाव नाही.'

शुक्रवारी सकाळी हॉटेलातल्या एका खोलीत दोन्ही क्लब बसले. लेलंड आर्डिथला घेऊन बाहेर कॉफी पीत होता. चाळीस मिनिटांनी कोरीन बाहेर आली.

"नाही सोडला त्यांनी," ती म्हणाली. "पेट्रीपासून सगळे देऊ करत होते, हाच नको. अट घेतली मी. तीन वर्षं. मालक खूश आहेत, म्हणजे मीही खूश." मग तिला त्याचा चेहरा दिसला. "लेलंड? तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"कॉफी कडू आहे," लेलंड म्हणाला.

पार्किंगमध्ये त्याने आर्डिथला गाडीत बसवलं, काच खाली केली, आणि मागून रस आला.

"रस!" आर्डिथने खिडकीतून हाक मारली. "केवढा जाडा झालायस रे!"

"तू मात्र तशीच आहेस, आर्डिथ," रस म्हणाला आणि लेलंडला कोपराला धरून चार पावलं बाजूला घेऊन गेला. "काय केलंस हे? अरे, का केलंस?"

"मी काय केलं? सही तू केलीस."

"माझ्या माणसांना तो पोरगा धड माहीतही नव्हता. एक जण म्हणाला, मॅबरी कोण? देऊन टाका. मी कागदावरचं नाव वाचलं आणि मला घाम फुटला. आकडे बघून हे नाव ओमाहात कुणी काढणार नाही. हे फक्त तू काढू शकतोस. आणि तू मागतोयस म्हणजे पोरगा अस्सल आहे. नव्या मालकाकडे मी आठ दिवसांचा, लेलंड. असा पिचर घालवून सुरुवात करू?"

"मला घालवलंस की."

रसने टोपी काढली, आतली पट्टी पुसली, परत घातली. "पेट्री म्हणाला असतास तर मी कॉफी संपायच्या आत दिला असता. एवढंच म्हणायचं होतं तुला. पेट्री."

"पेट्री चांगला नाही."

"ओमाहाचं तुला काय एवढं पडलं होतं!"

ओमाहाचं लेलंडला काहीच पडलं नव्हतं. रस थोडा वेळ बुटाने खडी उकरत राहिला आणि मग त्याला राहवलं नाही. "सत्तर दिलेस ना त्याला? खरं सांग."

लेलंडने खिशातून गाडीची किल्ली काढली. सोळा वर्षं याच अधाशी नजरेने रस त्याचे अहवाल वाचायचा, आणि त्याला ती आवडायची. आज किळस आली.

"तीन वर्षं काय, हां हां म्हणता जातील," रस पुटपुटला. "तोवर मी..."

बोलता बोलता दोघांनी गाडीकडे पाहिलं. आर्डिथ सीटबेल्टचं टोक हातात धरून ते कुठे अडकवायचं असतं हे शोधत होती. रस लेलंडच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, मध्येच मागे घेतला आणि निघून गेला.

लेलंड गाडीत बसला. तिचा बेल्ट लावला. आता टूसन गाठायचं, उद्या तिथे सामना, परवा पुन्हा मेसा, मग पुढे कुठे कुठे. तीन वर्षांनी हिला लेकीचं तोंड तरी ओळखू येईल का?

"काय म्हणाला रस?" आर्डिथने विचारलं. "जानेवारी ना?"

चपला आठवत नव्हत्या, शेगडी आठवत नव्हती. हे नेमकं आठवत होतं.

"जेनेलकडे," ती म्हणाली. "बोल की."

"हो. जानेवारी."

"तोंडी नको." तिने पर्समधून निळी वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि पेनचं टोपण काढून दिलं. "लिहून दे. तू लिहिलंस की खरं असतं."

लेलंडने पेन हातात घेतलं. स्टिअरिंगवर वही टेकवली आणि अहवाल लिहायच्या त्याच सुबक, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'जानेवारीत जेनेलकडे राहायला जायचं.' या वेळी हात वळला.

तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं, वही मिटून छातीशी धरली आणि म्हणाली, "मग स्वयंपाकघराचे पिवळे पडदे काढून नेऊ या. तिच्याकडे ऊन फार येतं."

"नेऊ," लेलंड म्हणाला आणि त्याने गाडी टूसनच्या रस्त्याला लावली.