साठ लाल पट्ट्या आणि चार चौकोन

देवळाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरू त्साइ मंतरलेला पिवळा कागद जाळत, त्याची राख कोमट पाण्यात ढवळत आणि वाटी पुढे करत. दोन आठवड्यांत खोकला पळेल, उद्या सारं तैवान इथं रांग लावील, तुम्ही मात्र पहिले, असं ते प्रत्येकाला सांगत. पहिलं असल्याचा आनंद ऐंशीव्या माणसालाही होई. बरा झालेला माणूस भिंतीवर आभाराची लाल पट्टी टांगून जाई. साठ पट्ट्या झाल्या होत्या. त्यातली एक माझी, हे आधीच कबूल करतो.

शेजारच्या श्यू-युन काकू मुळ्याच्या वड्या विकतात. तीन वाट्या पिऊनही त्या दोन महिने खोकत होत्या. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाल्या, "साठ जण बरे झाले. माझ्या एकटीच्याच मनात खोट असणार. गुरुजीही तेच म्हणाले."

चारचौघांत बोलणं मला जमत नाही. आयुष्यभर वाचनालयात नोंदी केल्या, तेवढंच येतं. पाणी पिणाऱ्याचं नाव-पत्ता देवळाच्या वहीत लिहितात, नाहीतर देवीला घर सापडणार कसं? ते ऐंशी पत्ते मी उतरवून घेतले आणि दारोदार फिरलो. खोकला होऊनही देवळात न गेलेले चाळीस जण शोधले. दोन आठवड्यांत खोकला गेला का, एवढंच सगळ्यांना विचारलं.

मग एका जुन्या कार्डावर चार चौकोन आखले. वरच्या ओळीत पाणी प्यायलेले: बरे झाले साठ, न झालेले वीस. खालच्या ओळीत न प्यायलेले: बरे तीस, न झालेले दहा. बेरीज चारदा तपासली, तरी धाकधूक होतीच.

काकूंनी कार्ड पाहिलं. "एकशेवीसांत साठ जण पाणी प्यायले आणि बरे झाले. निम्मे की हो! मग गुरुजी खोटं कुठं बोलतात?"

"खोटं नाही, पण एकाच चौकोनापुरतं खरं. ओळी बघा. प्यायलेल्या ऐंशीत साठ बरे, म्हणजे चारांत तीन. न प्यायलेल्या चाळिसांत तीस, तेही चारांत तीनच. हा खोकला आपला आपणच जातो."

त्यांचं बोट वीसच्या आकड्यावर थांबलं. "आणि हे?"

"बरे न झालेले. त्यांची पट्टी नाही. लाजेनं कुणी बोललंही नाही."

काकूंनी कार्ड जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एकटी नाही."

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि चारही आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. मी खांबाआड होतो. ज्यांच्या मनात शंका, त्यांना गुण नाही, असं गुरुजींनी ऐकवलं.

"असेल," काकू म्हणाल्या. "पण न पिताच जे तीस बरे झाले, त्यांची श्रद्धा कुणावर होती, गुरुजी?"

रांगेत हसू पसरलं. आज कागद दमट आहे, पेटत नाही, असं म्हणत गुरुजींनी वाटी आवरली. काकू तिथूनच दवाखान्यात गेल्या. छातीच्या फोटोत क्षयाचा डाग निघाला. आता सहा महिने गोळ्या आहेत, आणि खोकला उतरतोय.

माझी पट्टी मी काढून आणली आहे. माझं ऐकाच, असं म्हणायचा धीर मला नाही. पण चमत्काराची भिंत दिसली, तर बाकीचे तीन चौकोन कुठे आहेत, एवढं जरूर विचारा. तिथंच कुणीतरी स्वतःला दोष देत खोकत बसलेलं असतं.