लाल लोकरीने बांधलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. लांबी म्हणाल तर तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत, आणि ऐट म्हणाल तर खऱ्या मचव्याची. आता खरंच सांगायचं तर मी आजवर पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे उरणच्या एका घरातली आंघोळीची बादली.

मला काशिराम कोळ्यांनी घडवलं. त्यांच्या मोठ्या होडीची दुरुस्ती चालली होती, तेव्हा उरलेल्या सागाच्या तुकड्यातून त्यांनी मला कोरून काढलं, निळा रंग दिला आणि नाकावर एक पितळी कडी ठोकली. नातीच्या, कीर्तीच्या हातात मला देताना ते म्हणाले, "नुसती फलीवर ठेवू नको गो, खेल तिच्याशी. होरी बांधून ठेवलेली बरी नाय." कीर्ती मनसोक्त खेळली. मग ती मोठी झाली, कॉलेजसाठी खारघरला गेली, आणि मी बारा वर्षं माळ्यावर पालथी पडून राहिले. माझ्या पोटात झुरळांनी संसार थाटला. त्या दिवसांबद्दल मला फारसं बोलवत नाही.

आता कीर्तीताई पनवेलमध्ये लहान मुलांवर खेळातून उपचार करते. मलाही तिने माळ्यावरून उतरवून तिथल्या खेळण्यांत आणून ठेवलं. मनात भीती घर करून बसलेली आणि ती सांगायला शब्द न सापडणारी मुलं तिच्याकडे येतात. ती त्यांना खोदून खोदून विचारत नाही. सतरंजीवर बसते, खेळणी पुढे ठेवते आणि वाट पाहते. हेसुद्धा काम असतं, हे मला पटायला बरेच दिवस लागले. तिच्या खोलीत नियम एकच आहे, मुलाने मांडलेला खेळ मोठ्यांनी मोडायचा नाही.

तिथेच मला हादिया भेटली. वय वर्षं पाच. आई कुबराच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत घट्ट असायचं. शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं. आई न्हाणीघरात गेली तरी ही दाराबाहेर बसून राहायची. तिचे अब्बू शाहीद कतारला नोकरीला आहेत. गेल्या वर्षी निघताना, पोर रडेल, तिचं रडणं बघवणार नाही, म्हणून ते तिला झोपेतच सोडून गेले. मायेपोटीच गेले. त्या घरात परदेशी जाणारे सगळे असेच जात आले होते. हादिया उठली तेव्हा दारात अब्बूंच्या चपला नव्हत्या.

पहिल्याच गुरुवारी तिने मला उचललं. माझ्यात दोन लाकडी माणसं बसवली. मग टोपलीतली लाल लोकर घेऊन एक टोक माझ्या कडीत अडकवलं आणि दुसरं टेबलाच्या पायाला गुंडाळलं. गाठ मारता येत नव्हती, म्हणून नुसते वेढे घालत राहिली. वीस तरी असतील. झालं, खेळ संपला! दर गुरुवारी हेच. मला काशिरामआजोबांचे शब्द आठवायचे आणि मी मनातल्या मनात धुसफुसायचे. पण प्रत्येक वेढ्यानंतर ती लोकर ओढून बघायची, सुटत तर नाही ना, ते मी पाहत होते. हळूहळू माझा राग गेला आणि मलाच तिची काळजी लागून राहिली.

सातव्या गुरुवारी तिने एक वेढा कमी घातला. बाहेरच्याला कळलंही नसतं. कीर्तीताईने मात्र पाहिलं, आणि मी तर हरखूनच गेले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी कीर्तीताईने दाराशी बसून राहणाऱ्या कुबरालाही खेळायला सतरंजीवर बोलावलं. हादियाचे हात मातीने भरले होते. ती हात धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली आणि नळ उंच म्हणून कीर्तीताई तिच्यासोबत उठली. कुबरा माझ्याकडे बघत बसली. "बिचारी, किती दिवस अशी बांधून ठेवणार," असं पुटपुटत तिने वेढे सोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. अहो, नका! तिला मागे वळून पाहू द्या आधी! पण लाकडाचं कोण ऐकतं? कुबराने मला सोडवलं आणि पडद्यामागे नेऊन ठेवलं. पोर बघेल, होडी फिरायला गेली म्हणून हसेल, असं तिला वाटलं होतं.

हादिया आली. तिने टेबलाच्या पायाकडे पाहिलं. ती रडली नाही. पोट धरून खाली बसली आणि म्हणाली, "अम्मी, दुखतंय."

पुढचे दोन गुरुवार तिने मला हातही लावला नाही. ओढणी मुठीत धरून दाराकडे तोंड करून बसली. दुसऱ्या गुरुवारी ती तशीच आईच्या मांडीवर झोपली, तेव्हा कुबराचे डोळे भरून आले.

"मॅडम, मी तर तिच्या भल्यासाठीच केलं हो."

"माहीत आहे मला," कीर्तीताई म्हणाली. "पण ती बघत नसताना होडी गेली ना, कुबराताई."

कुबराने झोपलेल्या लेकीच्या केसांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिच्या अब्बूंसारखीच." डोळे पुसून पुढे म्हणाली, "ते ईदला येतायत. वीस दिवस. परत जाताना पण तिला झोपेतच ठेवा, असं सासूबाई म्हणतात. जागी असली तर गळ्यात पडेल. त्यांचा पाय निघणार नाही."

"माझे आजोबा समुद्रावर जाताना मला उठवायचे," कीर्तीताई म्हणाली. "मी खूप रडायचे. पण नंतर त्यांना घरभर शोधत कधी फिरले नाही."

ईद झाली. शाहीद जायच्या दोन दिवस आधी लेकीसोबत आले आणि अवघडून सतरंजीवर बसले. हादियाने किती तरी दिवसांनी मला उचललं, लोकर गुंडाळली आणि माझ्याकडेच बघत विचारलं, "अब्बू, तुम्ही कधी जाणार?"

शाहीदनी कुबराकडे पाहिलं. आता हे 'कुठे नाही जाणार' म्हणतील, या धास्तीने मी गारठले. त्यांचे ओठ तसे हललेसुद्धा. मग ते थांबले.

"शनिवारी, बेटा. दुपारी जेवून. तू जागी असशील. तुला सांगूनच जाईन."

हादियाने जो टाहो फोडला! कुबरा तिला गप्प करायला पुढे झाली, पण कीर्तीताईने तिचा हात हलकेच धरला. शाहीदही रडत होते. बऱ्याच वेळाने हादियाने नाक पुसलं आणि एकेक वेढा स्वतः सोडला. लोकरीचं टोक अब्बूंच्या हातात दिलं, "धरून ठेवा" म्हणाली आणि मला ढकललं. मी थेट भिंतीपर्यंत गेले! अब्बूंनी मला ओढून परत आणलं. तिने पुन्हा ढकललं.

शनिवार मी फळीवर काढला. ऐन वेळी घरात कुणाचा धीर सुटला तर? पोरीला दुपारी थोपटून झोपवलं तर? पुढचा गुरुवार उजाडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

हादिया आली. डोळे सुजलेले होते. दारातच तिने ओढणी सोडली आणि म्हणाली, "अम्मी, तू बाहेर बस." मग मला मांडीवर घेऊन माझ्या कडीजवळ तोंड आणलं.

"अब्बू गेले," ती म्हणाली. "चपला मीच आणून दिल्या."

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, तो उडू द्या. मला फळीवर ठेवलंत तरी चालेल. पण कुणाला सोडून जायचं असेल तर त्याला सांगून जा, आणि हे तुमच्या घरच्या मोठ्यांनाही सांगा. माझ्या कडीत ती लाल लोकर अजून आहे. ती मात्र कुणी सोडू नका. ज्या दिवशी सोडायची, त्या दिवशी हादिया सोडेल.