अकरावा गिलास

हिवरखेडच्या उगवतीला भगवंतरावांचं वावर आहे आणि वावराला लागूनच घर. माघात तुरी निघाल्या की त्या वावराचा एक कोपरा रोलर फिरवून ते गावातल्या पोरींना क्रिकेटसाठी द्यायचे. याचं गावात भारी कौतुक होतं. पोरींच्या खेळाला जागा देणारा माणूस म्हणून शाळेने त्यांना एकदा शाल-श्रीफळसुद्धा दिलं होतं.

त्या दिवशीही रोजच्यासारखाच खेळ रंगला होता. डावखुरी पौर्णिमा चेंडू टाकत होती आणि भगवंतरावांची प्राजक्ता यष्ट्यांमागे उकिडवी बसली होती. दोघी दहावीत, एकाच बाकावर. पौर्णिमाचा चेंडू कुठे वळेल हे फलंदाजाला कळत नसे, ते फक्त प्राजक्ताला कळे. अमरावतीच्या एका क्लबातर्फे शाळकरी मुलींचा संघ उन्हाळ्यात श्रीलंकेला जाणार होता, आणि येत्या रविवारी अमरावतीला त्याची निवड होती. हिवरखेडमधून एकट्या पौर्णिमाला बोलावणं आलं होतं. भीमनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये तिच्या आईने, दुर्गाबाईंनी, ते पत्र देव्हाऱ्यात ठेवावं तसं बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं होतं.

साडेपाच झाले. प्राजक्ताने हातमोजे काढले, घरात पळाली आणि ताटात चहा घेऊन आली. दहा गिलास स्टीलचे आणि एक कागदाचा.

कागदी गिलासांचं पाकीट त्या घरात आलं ते कोरोनात. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच त्यात चहा मिळायचा, अगदी तलाठ्यालाही. मग कोरोना गेला. तलाठी स्टीलवर आला, सोयरेधायरे स्टीलवर आले, पंप दुरुस्त करणारा चंदनही स्टीलवर आला. पाकीट मात्र ओट्याखालीच राहिलं. संपत आलं की प्राजक्ताची आजी पार्वताबाई अकोटहून नवं आणायला सांगे. त्याच्या कितीतरी आधी, गोठ्याच्या भिंतीत एक कान तुटलेला कप खोचलेला असे, पौर्णिमाच्या आजोबांसाठी. तो कप गेला, तेव्हा आपलं घर सुधारलं असंच सगळ्यांना वाटलं.

आणि प्राजक्ता? ती शाळेत समतेवर भाषणं ठोकायची, बक्षिसं आणायची. पण पाकिटातून तो गिलास रोज तीच काढायची. का, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. चहा गाळून झाला की हात आपोआप ओट्याखाली जायचा.

त्या दिवशी तिच्याकडे भाषणाचे कागद होते. शनिवारी अमरावतीला विभागाची वक्तृत्व स्पर्धा होती आणि मनोज सरांनी तिला विषय दिला होता हिंदुस्थानी क्रिकेट संघाच्या १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्याचा. पोरी चहा घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसल्या आणि ती उभी राहून वाचू लागली. संघ बोटीने निघाला, असं तिने झकास रंगवलं. मग बाळू पालवणकर आले. डावखुरे फिरकी गोलंदाज, त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे.

“अगदी आपल्या पौर्णिमासारखे,” पायल मध्येच म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पौर्णिमाही लाजून हसली.

प्राजक्ताने आवाज चढवला. “पण याच बाळूंना पुण्यात चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात. त्यांच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालत होता, त्याच हातातला पेला...”

तिची नजर समोर गेली. गरम कागदाचा चटका लागतो म्हणून पौर्णिमाने टी-शर्टचं टोक गुंडाळून गिलास धरला होता. प्राजक्ताची जीभ अडखळली. मग एकेक करून बाकीच्या पोरींनीही त्या गिलासाकडे पाहिलं. आजवर कोणालाच तो दिसला नव्हता, असं नाही. पण आज सगळ्यांना तो एकदम दिसला.

“थांबली काऊन?” पौर्णिमा म्हणाली. “वाच न.”

प्राजक्ताने उरलेलं पान कसंबसं वाचलं. पौर्णिमाने चहा धुऱ्याच्या मातीत ओतला, गिलासाची चार घड्यांची घडी केली, खिशात घातली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती खेळायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेत तिने बाक बदलला. प्राजक्ताने तिला मधल्या सुट्टीत नळापाशी गाठलं, रविवारची आठवण करून दिली, हात जोडले.

“श्रीलंकेतबी चहा असनच न,” पौर्णिमा म्हणाली. “तिथं जाऊन पाहू का, मले कशात देतात ते?”

“माहं चुकलं, पौर्णिमा. मले खरंच समजलं नाई.”

“तुले समजलं नाई, अन् मले पाच वर्षांपासून समजते. तरी मी पेत होती. काऊन, तर तू मैत्रीन होती.” तिने नळ बंद केला. “तू आमच्या घरी कदी पानी तरी मांगतलं का व?”

प्राजक्ताला रडू आलं नाही, येतं तर बरं झालं असतं. तिने आठवून पाहिलं. भीमनगरात ती शंभरदा गेली होती, दर वेळी दारातूनच हाक मारली होती. आत ये म्हटलं की तिला नेमकी घाई असायची.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. यापुढे पौर्णिमालाही स्टीलच्या गिलासात चहा जाईल, म्हणाली. पार्वताबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मी मेल्यावर काय ते करा, तोवर माझं ताट वेगळं मांडा, असं म्हणून त्या उठल्या आणि पदराने डोळे पुसत बाजेवर जाऊन पडल्या. म्हातारं माणूस उपाशी उठलं, याचा सगळा दोष पोरीवर आला.

भगवंतराव चिडले नाहीत, समजावू लागले. ते जास्त वाईट होतं.

“मी कुठं भेदभाव करून राहिलो? वावर देलं, बॉल आनून देले. त्या पोरीले कोनी एका शब्दानं बोललं का? अन् गिलास तं कोरा करकरीत असते. कोनाचा उष्टाबी नाई. स्टीलच्यापेक्षा साफ.”

“मंग उद्यापासून तुमी घ्या न बाबा त्यात.”

भगवंतरावांनी ताटातच हात धुतले. हे भाषणं करण्याचं फळ आहे, शनिवारनंतर वावरातला खेळ बंद, एवढं बोलून ते बाहेर गेले. प्राजक्ताची आई वच्छलाबाई भांड्यांकडे तोंड करून उभ्या होत्या. लेक जवळ आली तेव्हा त्या पुटपुटल्या की मलाही कळतं बाई, लग्न होऊन आले तेव्हा तो कप गोठ्यात नेऊन ठेवायचं काम माझंच होतं, तेव्हाही कळत होतं.

प्राजक्ताने ओट्याखालच्या पाकिटाकडे पाहिलं. म्हणजे कळून काही होत नाही. आई कळूनच वीस वर्षं ओट्यापाशी उभी आहे, आणि तिच्यानंतर तिथे आपण उभ्या राहणार.

शनिवारी अमरावतीचं सभागृह गच्च भरलं होतं. लेकीचा व्हिडिओ काढायला भगवंतराव पहिल्या रांगेत बसले होते. घरात काहीही झालेलं असो, लेकीचं बक्षीस त्यांना चुकवायचं नव्हतं. प्राजक्ताने बोट रंगवली, बळी मोजले, पॅव्हेलियनपाशी आली आणि कागद खाली ठेवला.

“मातीचा पेला मी पुस्तकात वाचला,” ती म्हणाली, “पण तो मी पाहिलेलाही आहे. आता तो कागदाचा झाला आहे. त्याचं पाकीट आमच्या ओट्याखाली असतं. माझी मैत्रीण बाळूंसारखीच डावखुरी गोलंदाज आहे. उद्या याच शहरात तिची निवड आहे आणि ती येणार नाही. कारण तिला तो गिलास पाच वर्षं मी दिला. आजीने नाही, बाबांनी नाही. माझ्या हाताने दिला.”

भगवंतरावांच्या हातातला मोबाइल हळूहळू खाली आला. टाळ्या पडल्या त्या तुरळक. विषय सोडून बोलली म्हणून परीक्षकांनी गुण कापले आणि बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं.

परतीच्या वाटेवर अंजनगाव मागे पडलं. अकोटला भगवंतरावांनी सवयीने गाडी थांबवली. टपरीवाल्याने दोघांना चहा दिला, कागदी कपात. भगवंतरावांनी तो हातात धरला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि न पिताच गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिला.

गावात शिरताच प्राजक्ताने भीमनगरच्या वळणावर उतरवा म्हटलं. त्यांनी उतरवलं. एवढंच.

दुर्गाबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. प्राजक्ता या वेळी हाक मारून थांबली नाही. चप्पल काढली, आत गेली आणि खाली बसली.

“काकू, पानी द्या न मले.”

दुर्गाबाईंचं सूप थांबलं. पौर्णिमा भिंतीला टेकून अभ्यास करत होती. ती उठली, माठाचं झाकण काढलं आणि मागे वळून विचारलं, “कोनत्या गिलासात देऊ?”

प्राजक्ताने मान खाली घातली. पौर्णिमाने मांडणीवरचा रोजचा गिलास घेतला, भरला आणि तिच्यापुढे ठेवला. प्राजक्ता तो तोंड लावून प्यायली. तहान लागलेली नसतानाही सगळा प्यायली.

“पहिलं बक्षीस भेटलं?” पौर्णिमाने विचारलं.

“नाई. गिलासाचंच सांगितलं मी. माहं नाव घेऊन.”

पौर्णिमाने रिकामा गिलास उचलला. “त्या बाळूले मातीच्या पेल्यात चहा देत, तरी तो गेल्ता न बोटीत बसून?”

“हाव.”

“मंग मीबी जाईन उद्या. पन तुह्या घरचा चहा मी आता पेनार नाई, प्राजक्ता. आजच सांगून ठेवते. स्टीलच्या गिलासात देला तरी नाई.”

रविवारी पहिल्या एसटीने पौर्णिमा आईसोबत अमरावतीला गेली, गोलंदाजी करून आली. यादी अजून लागायची आहे.

वावरातला खेळ भगवंतरावांनी बंद केला नाही, त्यावर ते काही बोललेही नाहीत. सोमवारी साडेपाचला प्राजक्ता घरात आली तेव्हा वच्छलाबाईंनी चहा आधीच ओतून ठेवला होता. अकराही गिलास स्टीलचे. पार्वताबाई बाजेवरून बघत होत्या आणि वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली नव्हती.

पौर्णिमा आपल्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि चेंडू घासत बसली. अकरावा गिलास ताटातच राहिला. तो तसाच घरी परत आला, साय धरलेला. मंगळवारी पुन्हा तसाच आला. वच्छलाबाई रोज अकराच भरतात. वीस वर्षांनी उचललेला हात त्यांना आता खाली घ्यायचा नाही.

आठव्या दिवशी पार्वताबाईंना राहवलं नाही.

“हा एक गिलास कोनाचा उरते व रोज?”

प्राजक्ताने तो आजीच्या पुढ्यात ठेवला. चहा गार झाला होता.

“आपलाच आहे, आजी.”