“उचल, दिला तुला”

पटर म्हणतात मला. मित्रांनो, चेंडू आभाळात भिरकावणाऱ्या गोल्फच्या लांबलचक, रुबाबदार काठ्या तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. मी त्यांच्यातला नव्हे. चेंडू होलभोवतीच्या, म्हणजे जमिनीतल्या त्या छोट्या खड्ड्याभोवतीच्या, बारीक कापलेल्या हिरवळीवर येऊन पोचला की मला पिशवीतून बाहेर काढतात आणि तो हलकेच होलमध्ये ढकलायचं काम माझ्याकडे येतं. काम दिसायला किरकोळ, पण सामना हातात राहतो की जातो ते तिथेच ठरतं. हे माझं मीच सांगतो, कारण त्या लांब काठ्या काही सांगायच्या नाहीत.

माझं डोकं पितळेचं आणि मूठ कातड्याची. स्कॉटलंडमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासून घासून घडवलं. तिथून मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रॉसकीरन गावी कन्सेप्टा हेगार्टी या बाईंकडे आलो. त्या काळी आमच्या क्लबात बायकांना खेळायला फक्त मंगळवार मिळे. कन्सेप्टाबाई अशा खेळत की क्लबातले पुरुष खिडकीशी येऊन बघत आणि बघत नसल्याचा आव आणत. त्यांची भाची डिम्पना पहिल्यांदा क्लबाच्या संघात निवडली गेली, तेव्हा बाईंनी मला तिच्या हातात ठेवलं.

“घे. तुझ्यापेक्षा याचं डोकं जास्त शांत आहे,” बाई म्हणाल्या.

या संघाच्या सामन्यांची रीत मला फार आवडते. आपल्या पाच जणी, समोरच्या क्लबाच्या पाच जणी, आणि एकीशी एक अशा लढती. दिवसभरात कुणी किती फटके मारले याचा हिशेब इथे नसतो. एका होलला, म्हणजे सुरुवातीपासून चेंडू त्या खड्ड्यात पडेपर्यंत, जिचे फटके कमी, तो होल तिचा. सारखे झाले तर कुणाचाच नाही. एखाद्या होलला अगदी वाळूत लोळलात तरी पुढच्या होलला पाटी कोरी. असे जास्त होल जिंकणारीची लढत, आणि तीन लढती जिंकणाऱ्यांचा सामना. मग यजमान बायका पाहुण्या बायकांना चहा, अंड्याची सँडविचेस आणि घरचा सफरचंदाचा टार्ट खाऊ घालतात. हरलेल्यांना टार्टचा मोठा तुकडा मिळतो.

आणखी एक रीत आहे. तुमचा चेंडू होलच्या अगदी जवळ असला, आता चुकणं शक्य नाही असं समोरचीला वाटलं, तर ती म्हणते, “उचल, दिला तुला.” मग तो चेंडू होलमध्ये गेलाच असं धरतात. मात्र हे म्हणायचा हक्क फक्त समोरचीचा. तिने एकदा दिला की तिला तो परत घेता येत नाही आणि तुम्हाला नको म्हणता येत नाही.

कित्येक वर्षं मी आणि डिम्पनाने जोडीने सामने मारले. नंतर तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. लांबचे फटके ठीक जात, पण होलजवळ आली की हात थरथरे. डब्लिनहून मुलांनी तिला नवा पटर आणून दिला. चांगलं डोकं होतं त्या धुडाला, पावाएवढं! मी जिन्याखाली छत्र्यांच्या शेजारी जाऊन पडलो. तिथे मला फार एकटं वाटलं. पण हात त्या धुडालाही थरथरलाच, आणि डिम्पनाने मला पुन्हा बाहेर काढलं.

तोवर मैत्रिणींनी मायेचा एक नवा उद्योग सुरू केला होता. मंगळवारच्या खेळात डिम्पनाचा चेंडू होलच्या आसपास आला की संघाची कप्तान बर्नी ओरडायची, “उचल गं, दिला!” अंतराची शंका आली तर मलाच जमिनीवर आडवं ठेवायच्या. होलपासून माझ्या मुठीपर्यंतचं सगळं माफ. मित्रांनो, मला त्यांनी मोजपट्टी केलं! डिम्पना हसून चेंडू उचलायची, पण माझ्या मुठीवर तिची पकड घट्ट व्हायची. तिला ते आवडत नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

एक दिवस तिने बर्नीला सांगितलं, “या चषकाच्या सामन्याला मला संघात घे. होलजवळचं मला झेपत नाही असं दिसलं, तर मी आपणहून बाजूला होईन. आणि हा पटर चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत देऊन टाकीन.”

माझ्या पितळाला घामच फुटला.

सामना आमच्याच मैदानावर होता. डिम्पनाची लढत सगळ्यांत शेवटची. समोर ईफा नावाची खाडीपलीकडच्या क्लबातली तरुण मुलगी, पहिल्यांदाच संघात आलेली. तीन होल उरले तेव्हा डिम्पना एका होलने पुढे होती. त्यांतल्या पहिल्याला ईफाने आपला चेंडू होलमध्ये घातला. डिम्पनाचा चेंडू वीतभर अंतरावर. तो गेला की बरोबरी आणि आघाडी कायम. डिम्पना पुढे झाली आणि माझ्या डोक्याने चेंडू सहज उचलून हातात घेतला. दर मंगळवारी घ्यायची तसाच.

ईफाचा चेहरा पडला. “काकू... मी अजून काही म्हटलं नव्हतं.”

डिम्पनाने हातातल्या चेंडूकडे पाहिलं. न दिलेला चेंडू उचलला की एक फटका दंड. होल गेला आणि आघाडीही गेली.

“नव्हतंच म्हटलंस तू. चूक माझी आहे,” डिम्पना म्हणाली. “चल पुढे.”

पुढचा होल बरोबरीत सुटला. शेवटच्या हिरवळीवर दोन्ही संघ गोळा झाले होते, कारण बाकीच्या चार लढती दोन-दोन झाल्या होत्या. ईफाचा चेंडू पाच फटक्यांत होलमध्ये गेला. डिम्पनाचे तीनच झाले होते, पण चेंडू होलपासून हातभर दूर राहिला. तिच्या हाताला सुटलेला कंप मला पार डोक्यापर्यंत कळत होता. ईफाला तो दिसला. मघाचा होल तिच्या मनाला खात असणार. तिने तोंड उघडलं.

“थांब पोरी,” डिम्पना म्हणाली. “तू बोललीस की मला नाही म्हणता येणार नाही. आणि तुझ्या बायका तुला परतीच्या गाडीत बसू देणार नाहीत.”

“अगं बाई, ती देतेय तर घे की!” बर्नी मागून कळवळली. “माझा जीव जाईल इथे.”

“जाऊ दे. सहा महिने तुम्ही सगळ्या मला देताय. आता हा मला मारू दे.”

डिम्पनाने कंप थांबायची वाट पाहिली नाही. थरथरत्या हातानेच तिने मला मागे नेलं आणि पुढे आणलं. मीही जमेल तेवढं डोकं शांत ठेवलं. चेंडू वाकडातिकडा गेला, होलच्या काठावर रेंगाळला, अर्धा वळसा घेतला आणि आत पडला. बर्नी रडायला लागली. ईफाने डिम्पनाला मिठी मारली. त्या संध्याकाळी टार्टचा मोठा तुकडा रीतीप्रमाणे ईफाला मिळाला आणि डिम्पनाने तो स्वतः वाढला.

पुढच्या मंगळवारी डिम्पनाचा चेंडू होलपासून वीतभर थांबला. बर्नीने सवयीने तोंड उघडलं, मग मिटलं. डिम्पनाने मला पिशवीतून काढलं, मारला, आणि चक्क चुकली. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेल लावा, आम्हाला बरंच वाटतं. जुन्या माणसांनाही जपा. पण त्यांचा शेवटचा हातभराचा फटका मायेपोटी उचलून घेऊ नका. चुकला तर चुकला. तो त्यांना मारू द्या.