पाइनवरचा पतंग, मुलुंडच्या काचपेटीत

त्या रविवारी शरच्चंद्रांनी नेहमीसारखी माझी पेटी भिंतीवरून उतरवली. झिजलेली डांबरगोळी काढली, नवी मलमलीच्या चिंधीत बांधली आणि कोपऱ्यात टाचली. स्वयंपाकघरातून त्यांची लेक क्षमा ओरडली, "बाबा, परत तो वास! तुझ्या त्या किड्यापायी पोहेसुद्धा कपाटासारखे लागतात."

"किडा काय म्हणतेस गं? पाहुणा आहे तो. लांबून आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्र उठलेच नाहीत.

मित्रांनो, मी एक जुना पतंग आहे. दोऱ्याचा नव्हे, पंखांचा. हिमालयातल्या पाइनच्या झाडावर मी केसाळ सुरवंट होतो. सुयांसारखी पानं कुरतडून लठ्ठ झालो. माझे केस ज्याला टोचत त्याची खाज जाता जात नसे, म्हणून सगळे मला झटकत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शरच्चंद्रांनी मात्र मला फांदीसकट डब्यात ठेवलं. कोशातून तळहाताएवढा, सालीच्या रंगाचा होऊन बाहेर आलो, तेव्हा खायला तोंडच उरलं नव्हतं. थोडेच दिवस जगलो. मग टाचणी, काच आणि मुलुंडची ही भिंत. घरी येणारी मुलं "बापरे, केवढा!" म्हणायची. क्षमा नाक दाबायची. तिच्यावर माझा विश्वास कधीच नव्हता.

आता तर ती एकटीच घरात. गोळी झिजत चालली होती. ती संपली की बारीक किडे शिरतात आणि आमचा भुगा करतात. क्षमा पेटीपाशी यायची, बघत उभी राहायची, निघून जायची. हिच्या मनात आहे तरी काय?

शेजारच्या शकुमावशी म्हणाल्या, "मेलेलं पाखरू कशाला गं घरात? टाकून दे."

"बघते," क्षमा म्हणाली. ते 'बघते' मला मुळीच आवडलं नाही.

मग एका सकाळी तिने पेटी उतरवली. हातात कात्री होती. संपलं, मी म्हटलं.

कात्री चालली ती शरच्चंद्रांच्या मलमली सदऱ्यावर. तिने तुकडा कापला, त्यात नवी गोळी ठेवून पुरचुंडी बांधली. मोकळी गोळी घरंगळते आणि पंख मोडते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नाक दाबून ती इतकी वर्षं बघत होती तर!

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना हाक मारता येत नाही. कुणीतरी आठवणीने पेटी उघडावी लागते.

पुरचुंडी टाचून क्षमा वाकली, खोल श्वास घेतला. घरात कुणी नव्हतं. तरी ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मला हा वास आवडायचा रे."