कॅमेऱ्यात येणारी भिंत

झेबाने तो दिवा घेतला तो कॅमेऱ्यात छान दिसेल म्हणून. नवीन पनवेलला घरसजावटीचं एक मोठं दुकान होतं आणि फेब्रुवारी लागल्यापासून तिथलं सगळंच गुलाबी झालं होतं. उशा गुलाबी, मेणबत्त्या गुलाबी, कपांच्या जोड्या आणि अंघोळीचे टॉवेलसुद्धा. गिऱ्हाइकं बहुतेक जोडीने यायची. बायको एखादी उशी उचलून छातीशी धरायची, आणि नवरा म्हणायचा, "घरात ढीग पडलाय उशांचा." झेबा त्यांच्या मागून एकटी फिरायची. वस्तू आवडली की आधी मोबाईल काढायची, स्क्रीनवर ती कशी दिसते ते बघायची, आणि मगच टोपलीत टाकायची.

दिवा घरी आणून तिने हॉलमधल्या पूर्वेच्या भिंतीशी ठेवला. त्या भिंतीला फिकट शेवाळी रंग दिलेला होता. वेताच्या चौकटीचा गोल आरसा होता, सुकलेल्या गवताचे तुरे खोचलेली उंच बरणी होती, आणि समोर राखाडी सोफा. संध्याकाळी फुजैलचा व्हिडिओ कॉल आला की ती त्याच सोफ्यावर बसायची.

फुजैल ओमानमध्ये तेलाच्या एका कंपनीत होता. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यातले बरोबर काढलेले दिवस किती, याची बेरीज करायला झेबा धजावत नसे. पहिली सगळी वर्षं ती जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात सासू-सासऱ्यांकडे राहिली. मग या फ्लॅटची किल्ली मिळाली. सुताराच्या कामावर लक्ष ठेवायला म्हणून ती इथं आली आणि राहिलीच. मोहल्ल्यात कुजबुज झाली, पण फुजैलने फोनवरून सगळ्यांना गप्प केलं. "माझ्या बायकोला घर लावायचंय, लावू दे," तो म्हणाला होता. त्या एका वाक्यावर झेबाने कितीतरी दिवस काढले.

त्याने हे घर अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्या वर्षी रमजान फेब्रुवारीतच लागणार होता. फुजैल त्याच्या आधी येणार, रोजे इथं धरणार आणि ईद करून परत जाणार, असं ठरलं होतं. म्हणून झेबाने समोरच्या फ्लॅटमधल्या अनुयाकडे केकही सांगून ठेवला होता. अनुया घरी केक आणि चॉकलेटं करून विकायची, आणि व्हॅलेंटाईनच्या आठवड्यात तिचा ओव्हन बंद होत नसे. "हार्टचा करू ना?" तिने विचारलं, तेव्हा झेबा लाजली होती. असली थेरं फुजैलला आवडतील की नाही, हे तिला नक्की ठाऊक नव्हतं. कधी विचारायची वेळच आली नव्हती.

तो यायचा त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"दिवा नवीन वाटतं," तो म्हणाला.

"हो. आवडला?"

"मस्त आहे." मग त्याने मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. "झेबा, रजा कॅन्सल झाली. प्लांटचं शटडाऊन निघालंय, दुरुस्तीचं काम. कुणालाच सोडत नाहीत. आता बकरी ईदला, इन्शाअल्लाह."

 झेबाने चेहरा पडू दिला नाही, कारण चेहरा कॅमेऱ्यात होता.

"आणि ऐक," तो पुढे म्हणाला, "माझ्याबरोबरच्या एकाचा भाऊ जासईला कंटेनर यार्डात लागलाय. बायको-मुलं घेऊन येतोय, चांगली माणसं आहेत. त्यांना भाड्याने देऊन टाकू. तू अम्मीकडे राहा. तसंही घर रिकामंच आहे."

"रिकामं?" झेबा म्हणाली. "मी राहते ना इथं."

"तसं नाही गं. म्हणजे आपण राहत नाही अजून, असं म्हणतोय."

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "अम्मीशी बोललोय मी, ती येईल सामान बघायला," असं घाईघाईने सांगून त्याने फोन ठेवला.

 या घरात ती सकाळी उठत होती, पाणी भरत होती, नमाज पढत होती, तापाने फणफणून निजली होती, एकदा तर गॅसचं रेग्युलेटर स्वतः बदललं होतं. आणि घर रिकामं होतं. रागापेक्षा तिला भीतीच जास्त वाटली. ज्या माणसासाठी आपण इथं आहोत, त्याच्या हिशेबी आपण कुठं आहोत, हे तिला काही केल्या उमगेना.

चौदा तारखेला दुपारी अनुयाने बेल वाजवली. हातात पांढरा खोका होता. फुजैल येणार नाही हे तिला कळलेलं नव्हतं. "दोघांनी मिळून कापा बरं," म्हणून ती हसत निघून गेली. झेबाने झाकण उघडलं. लालसर चॉकलेटी केक होता, वर साईसारख्या क्रीमने दोघांच्या नावांची पहिली अक्षरं काढलेली. तिने झाकण परत लावलं.

तासाभरात झेबाच्या सासूबाई, हव्वाबी, आल्या. त्या अंगाने भरलेल्या होत्या. लिफ्ट असूनही धापा टाकत त्या सोफ्यावर टेकल्या. या घरात त्या आधी एकदाच, किल्ली मिळाल्यावर दुवा पढायला आल्या होत्या. त्यांनी आरसा बघितला, दिवा बघितला, गवताच्या तुऱ्याला बोट लावून पाहिलं.

"छान लावलंस गं बाय," त्या म्हणाल्या. "बांधायचं काय काय हाय, दाखव."

झेबाने त्यांना आत नेलं. हव्वाबी बेडरूमच्या दारातच थबकल्या. फरशीवर एक गादी, तिच्याजवळ प्लॅस्टिकची बादली उलटी ठेवून केलेलं टेबल, खिडकीला पडद्याच्या जागी जुना दुपट्टा. पलंग नाही, कपाट नाही. कपडे अजून मोहल्ल्यातून आणलेल्या बॅगेतच होते. दुसऱ्या खोलीत तर वस्तूंचे रिकामे खोके तेवढे रचलेले.

"हे काय?" हव्वाबी म्हणाल्या. "भायेर राणीचा महाल, आणि आत फकिराची खोली?"

"आतलं त्यांना दिसत नाही, अम्मी," झेबा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच ते वाक्य नवीन वाटलं. हव्वाबींनी तिच्याकडे पाहिलं. त्या परत हॉलमध्ये येऊन बसल्या. काहीतरी करायला हवं म्हणून झेबाने केक कापला आणि बशी त्यांच्यापुढे धरली.

"मला नको," हव्वाबी म्हणाल्या. "चॉकलेट मला आवडत नाय."

झेबाला वाटलं, थट्टा करतायत. सासरे, बद्रुद्दीन, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत कुवेतला होते. दर खेपेला ते चॉकलेटचे डबे आणत, आणि 'हे तुझ्या अम्मीचं' म्हणून एक डबा वेगळा निघे, ही घरातली जुनी गोष्ट होती. आता कायमचे परत येऊनही दर ईदला ते बाजारातून हव्वाबींसाठी चॉकलेटच आणत.

"अब्बांना माहीत नाही?"

"नाय."

"कधी सांगितलं नाहीत?"

"दोन म्हयन्यांसाठी आलेल्या माणसाला काय सांगायचं? तो एवढ्या लांबून घेऊन आलेला. पहिल्यांदा मी बोलले, लय छान हाय. मग दरवेळी तेच बोलावं लागलं." हव्वाबी बशीकडे बघत होत्या. "आता तो घरातच असतो. पण आता सांगितलं तर त्याला वाटेल, एवढी वर्षं मी कुणासाठी आणत होतो?"

 खाली कुठल्याशा क्लासची पोरं फुगे घेऊन हसत चालली होती, त्यांचा आवाज वर येत होता. हव्वाबींनी एकदम विचारलं, "फुजैलला फोन लागेल आत्ता?"

"लागेल. सुट्टीची वेळ आहे."

"मग लाव. मी नाय बोलणार. तूच बोल."

झेबाने फोन लावला. फुजैलचा चेहरा दिसताच ती सोफ्यावरून उठली, मोबाईल बाहेरच्या बाजूला वळवून धरला आणि चालत आत गेली. गादी दाखवली, बादली दाखवली, खिडकीवरचा दुपट्टा दाखवला. खोकेही दाखवले. 

"हे कुणाचं घर?" फुजैलने विचारलं.

"आपलंच."

 मग तो हळू आवाजात म्हणाला, "झेबा, पैसे पुरले नाहीत का? मला सांगायचं ना."

"पैशांचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला दिसेल तेवढंच मी लावलं. बाकीच्यात मी राहते. मी भाड्याने देणार नाही. मला पलंग घ्यायचाय आणि जाड पडदे. उजेडाने पहाटेच जाग येते."

"बरं," तो म्हणाला.  "बरं, घे."

ती हॉलमध्ये आली तेव्हा हव्वाबी चहा ठेवत होत्या. साखरेचा डबा शोधताना त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडून पाहिले होते.

रमजानचे रोजे झेबाने त्याच घरात धरले. पलंग आला, पडदे आले, जेवणाचं टेबल आलं. मोहल्ल्यातून कुणाकुणाचे निरोप आले, सून आता ऐकत नाही म्हणे. हव्वाबी दर जुम्म्याला रोजा सोडायच्या वेळी सांदण घेऊन यायच्या. नारळाच्या दुधातलं ते मऊ सांदण दोघी गप्पांशिवाय खायच्या, आणि मग हव्वाबी रिक्षाने परत जायच्या. बाकी दिवस तसेच लांबलचक होते. फुजैलचा फोन येई. कधी ती स्वयंपाकघरातून बोले, कधी गॅलरीतून, आणि बोलण्यासारखं फारसं काही नसे, हे आता दोघांनाही दिसू लागलं होतं.

बकरी ईदच्या आधी तो आला. दोन बॅगा दारात ठेवून त्याने बूट काढले आणि ते कुठे ठेवायचे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. झेबाने जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गीझरचं बटण शोधत होता, मग टॉवेल, मग चमचे. प्रत्येक वेळी तो तिला हाक मारून विचारायचा आणि ती हातातलं काम टाकून सांगायला जायची. नाश्त्यानंतर तो गॅलरीच्या दाराशी उभा राहिला. बाहेर एकच खुर्ची होती.

"इथं बसू का?" त्याने विचारलं.

"बसा ना," झेबा म्हणाली. "तुमचंच घर आहे."

हे आपण पाहुण्यांना म्हणतो, हे तिच्या लक्षात आलं. त्याच्याही आलं असावं, कारण तो बसला नाही. आत गेला, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून गॅलरीत आणली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. गॅलरी अरुंद होती; दोन खुर्च्या जेमतेम मावल्या. झेबा ओले हात पुसून येऊन बसली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं. दोघं तिकडे बघत राहिले, आणि काय बोलावं याचा विचार करत राहिले.